फायली परत आणल्या आणि पुन्हा गायब झाल्या: ऑफिसच्या क्लाउडवरून मोठ्या संख्येने डिलीट झालेल्या फायलींचं काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. विभागाच्या सामायिक फोल्डरमधल्या हजारो फायली एकदम नाहीशा होतात. कोणीतरी रिसायकल बिन उघडून दिसतील तेवढ्या परत आणतं. काही येतात, काही राहतात. दुसऱ्या दिवशी आलेल्यांपैकीही काही पुन्हा गेलेल्या असतात. तोवर दोघा-तिघांनी आपापल्या लॅपटॉपवरच्या जुन्या प्रती वर चढवलेल्या असतात. मग एकाच कराराच्या तीन प्रती समोर येतात आणि त्यातली शेवटची कोणती ते कोणालाच सांगता येत नाही.

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहून ठेवणं गरजेचं वाटलं. मोठ्या सेवांवर डिलीट झालेली फाइल लगेच नष्ट होत नाही, ती आठवडे किंवा महिने कुठेतरी जपून ठेवलेली असते. खरं नुकसान पहिल्या तासाभरातल्या धावपळीत होतं. म्हणून रिस्टोअरचं बटण दाबण्याआधी दोन कामं करायची. डिलीट होणं कुठून चालू आहे ते शोधून थांबवायचं, आणि कोणी, कधी, कशातून डिलीट केलं याची यादी हातात घ्यायची.

आधी उगम बंद करा

परत आणलेल्या फायली पुन्हा जातात, कारण त्या जिथून डिलीट होत होत्या ते ठिकाण अजून चालू असतं. सगळ्यात जास्त वेळा ते ठिकाण म्हणजे एखादा लॅपटॉप. डिस्क भरली म्हणून कोणीतरी आपल्या मशिनवरचं सिंक झालेलं, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणारं, फोल्डर डिलीट केलेलं असतं. आपण फक्त इथली प्रत काढतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात सिंक झालेल्या फोल्डरमध्ये डिलीट केलं की ते क्लाउडवरही डिलीट होतं, आणि तिथून इतर सगळ्यांच्या मशिनवरही. फोल्डर उचलून सिंकच्या बाहेर डेस्कटॉपवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं तरी तेच होतं, कारण क्लाउडच्या दृष्टीने फाइल तिथून गेलेली असते. त्यात तो लॅपटॉप मध्येच बंद झाला किंवा नेटवर्कबाहेर गेला, तर निम्म्या फायली आज डिलीट होतात आणि उरलेल्या तो पुन्हा सुरू होईल तेव्हा.

असं मशिन सापडलं की सिंक नुसतं पॉज करून भागत नाही. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत पॉजचे पर्याय २, ८ आणि २४ तासांचे आहेत. ती वेळ संपली की सिंक आपोआप चालू होतं आणि राहिलेलं डिलीट पुढे पाठवतं. आधी त्या मशिनचं नेटवर्क तोडा, मग वनड्राइव्हच्या सेटिंगमधून त्या संगणकाचं खातं अनलिंक करा, म्हणजे त्याची क्लाउडशी असलेली जोडणी तोडा. अनलिंक केल्याने मशिनवर उतरवलेल्या फायली जागेवर राहतात. पुढे सगळं मार्गी लागल्यावर खातं पुन्हा जोडलं की क्लाउडवर जे आहे ते खाली येतं. ते मशिन फॉरमॅट मात्र अजिबात करू नका. त्याच्या स्वतःच्या रिसायकल बिनमध्ये फायलींच्या प्रती असू शकतात. मशिनवर उतरलेली फाइल डिलीट केली तर ती तिथेही जाते. जिच्यावर निळ्या ढगाचं चिन्ह होतं, म्हणजे जी फक्त क्लाउडवर होती, ती तिथे सापडणार नाही.

दुसरा उगम म्हणजे रात्री आपोआप चालणारं काम. जुन्या सर्व्हरवरून क्लाउडच्या फोल्डरमध्ये रोज प्रत काढणारी स्क्रिप्ट मिरर पद्धतीने लावलेली असेल, तर मूळ ठिकाणी जे नाही ते ती समोरच्या ठिकाणाहून काढून टाकते. रोबोकॉपी या विंडोजच्या फायली कॉपी करणाऱ्या कमांडचा मिरर पर्याय नेमकं हेच करतो. मूळ फोल्डर कोणी रिकामं केलं किंवा त्याचा मार्ग बदलला की एका रात्रीत सगळं साफ होतं. तुम्ही दिवसा परत आणता आणि रात्री ते पुन्हा जातं. दर वेळी साधारण त्याच वेळेला फायली जात असतील, तर माणसांना विचारत बसण्याआधी शेड्यूल केलेली कामं तपासा.

तिसरा उगम लवकर लक्षात येत नाही: रिटेन्शन पॉलिसी, म्हणजे फायली किती काळ ठेवायच्या याचा नियम. ठरावीक वर्षांपेक्षा जुन्या फायली काढून टाका असा नियम कोणीतरी कधीतरी लावलेला असतो. अशा वेळी लॉगमध्ये माणसाचं नाव न दिसता सिस्टिमचं खातं दिसतं, आणि गेलेल्या सगळ्या फायली जुन्या असतात. त्या परत आणल्या तरी वयाने त्याच नियमात बसतात, त्यामुळे पुन्हा जातात. आधी नियम बदलायला हवा, आणि त्यासाठी ज्यांनी तो लावला त्यांच्याशी बोलावं लागतं. काही वेळा त्यामागे कायदेशीर कारण असतं.

कोणी, कधी, कशातून

विचारपूस करून उत्तर मिळत नाही. लोक घाबरलेले असतात, आणि बहुतेकांना आपल्या हातून काही झालं हेच माहीत नसतं. ऑडिट लॉग बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तो ॲडमिनसाठीच्या परव्ह्यू या पोर्टलमध्ये आहे आणि साध्या परवान्यावर १८० दिवस राहतो. गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलच्या ड्राइव्ह लॉगमध्ये ६ महिन्यांपर्यंतच्या नोंदी मिळतात.

मायक्रोसॉफ्टच्या लॉगमध्ये शेअरपॉइंट साइटचा, म्हणजे सामायिक फायली जिथे असतात त्या जागेचा, पत्ता आणि तारीख टाकून फाइल रिसायकल झाल्याच्या (बिनमध्ये गेल्याच्या) आणि फोल्डर रिसायकल झाल्याच्या नोंदी शोधा. डिलीट झालेल्या तर त्यात घ्याच. निकाल एक्सेलमध्ये उतरवून वेळेच्या क्रमाने लावा. मग चित्र स्पष्ट होतं. एकाच खात्याच्या नावावर, एकाच आयपी पत्त्यावरून, सोळा-सतरा मिनिटांत हजारो ओळी, आणि त्यांच्या आधी-नंतर नेहमीचं तुरळक काम. प्रत्येक ओळीच्या तपशिलात युजर एजंट नावाचा रकाना असतो. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट स्कायड्राइव्हसिंक’ असं दिसलं तर डिलीट सिंक क्लायंटमधून झालंय, म्हणजे कोणाच्या तरी मशिनवरून. वनड्राइव्हचं नाव २०१४ पर्यंत स्कायड्राइव्ह होतं आणि इथे ते अजून टिकून आहे, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा हमखास चकतो. तिथे ब्राउझरचं नाव असेल तर कोणीतरी वेबवर जाऊन डिलीट केलंय.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. परव्ह्यूमधली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तुमच्या घड्याळाशी ती जुळवून घेतली नाही तर पुढे रिस्टोअरची वेळ चुकीची निवडाल.

या यादीतून तीन गोष्टी लिहून ठेवा: खात्याचं नाव, पहिल्या डिलीटची वेळ आणि शेवटच्या डिलीटची वेळ. पुढचं सगळं काम या तीन गोष्टींवर चालतं. त्या व्यक्तीशी बोलतानाही यादी समोर ठेवा, पण ती जाब विचारण्यासाठी नको. नेमकं काय केलं होतं हे तिने मोकळेपणी सांगितलं, तरच आणखी कुठलं फोल्डर गेलंय का हे कळतं.

शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह

आधी मुदतीचा हिशेब. ऑफिसच्या खात्यात डिलीट झालेली वस्तू एकूण ९३ दिवस राहते. पहिल्या टप्प्यातल्या रिसायकल बिनमधून कोणी ती काढली, किंवा घाबरून बिनच रिकामा केला, तरी ती दुसऱ्या टप्प्यातल्या बिनमध्ये जाते. तो बिन साइटच्या ॲडमिनला दिसतो. मात्र दुसऱ्या टप्प्यात ९३ दिवस नव्याने मोजले जात नाहीत. मोजणी पहिल्या डिलीटपासूनच चालू असते. म्हणून ‘बिनमध्ये काहीच नाही’ हे वाक्य साध्या सदस्याकडून ऐकलं तर ते अंतिम मानू नका. ॲडमिनच्या खात्यातून दोन्ही टप्पे बघा.

टीम्समधून फायली गेल्या असतील तर त्या कुठे राहत होत्या हे आधी ठरवा. चॅनेलमधल्या फायली त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर असतात, खासगी चॅनेलची साइट वेगळी असते, आणि चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये असते. भलत्याच साइटचा बिन उपसत दिवस घालवलेले लोक बरेच आहेत. आणि जर सगळी टीमच डिलीट झाली असेल, तर एकेका फायलीच्या मागे लागू नका. तिचा मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप ३० दिवसांच्या आत परत आणला की साइटही सोबत येते.

आता परत आणण्याचे मार्ग. सोपं वाटणारं एक बटण आहे: लायब्ररी (साइटवरचा फायलींचा साठा) रिस्टोअर करा, किंवा आपलं वनड्राइव्ह रिस्टोअर करा. मागच्या ३० दिवसांतली कुठलीही वेळ निवडली की सगळी लायब्ररी त्या क्षणाला जशी होती तशी होते. त्यासाठी लायब्ररीवर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय, चालू असावी लागते. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) सगळ्या फायली बिघडवल्या असतील, किंवा एकाच माणसाचं वनड्राइव्ह असेल, तर याच्याइतका चांगला मार्ग नाही.

पण दहा जण रोज काम करतात अशा लायब्ररीवर मी हे बटण सहजासहजी दाबणार नाही. निवडलेल्या वेळेनंतर झालेलं सगळंच ते मागे घेतं. त्यानंतर कोणी नवीन फाइल बनवली असेल तर ती रिसायकल बिनमध्ये जाते, आणि कोणी दुरुस्त्या केल्या असतील तर जुनी प्रत वर येते. डिलीट मंगळवारी झालं आणि कळलं शुक्रवारी, तर मधल्या तीन दिवसांचं सगळ्यांचं काम एका झटक्यात नजरेआड होतं. ते कायमचं जात नाही, रिस्टोअरच्या आधीची वेळ निवडून तेही उलटवता येतं. पण आधीच घाबरलेल्या लोकांवर तीच वेळ पुन्हा आणायची कशाला? डिलीट होऊन अर्धा तासच झाला असेल तर गोष्ट वेगळी.

बिनमधून हाताने निवडून परत आणणं दोन-चारशे फायलींपर्यंत ठीक आहे. त्या आधी एक बघा: वेबवरून अख्खं फोल्डर डिलीट झालं असेल तर बिनमध्ये ते एकच ओळ म्हणून असतं, आणि ती एक ओळ परत आणली की आतलं सगळं येतं. सिंकमधून झालेल्या डिलीटमध्ये मात्र पुष्कळदा एकेका फायलीची वेगळी ओळ पडते. मग बिनमध्ये हजारो ओळी, त्यात इतरांनी मुद्दाम टाकलेला कचराही मिसळलेला. शिवाय ती यादी खाली सरकवत जाल तशी भरते. ‘सगळे निवडा’ म्हटलं तरी तोवर भरलेल्या ओळीच निवडल्या जातात. ‘परत आणल्या पण निम्म्याच आल्या’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

हजारोंच्या संख्येसाठी भरवशाचा मार्ग म्हणजे पीएनपी पॉवरशेल, शेअरपॉइंटची कामं कमांड लिहून करण्याचं साधन. त्यात रिसायकल बिनची यादी काढणारी एक कमांड आहे आणि वस्तू परत आणणारी दुसरी. पहिलीने दोन्ही टप्प्यांची यादी काढायची. मग लॉगमधून मिळालेल्या तीन गोष्टी गाळणी म्हणून लावायच्या: डिलीट करणाऱ्याचा ईमेल आणि डिलीटची सुरुवात-शेवटची वेळ. फोल्डरचा मार्गही जोडला तर आणखी चांगलं. गाळून उरलेली यादी आधी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून डोळ्याखालून घाला. तिची संख्या लॉगमधल्या संख्येच्या आसपास येते का बघा, मगच दुसरी कमांड चालवा. इतरांनी त्या काळात केलेलं काम या पद्धतीत जागच्या जागी राहतं. म्हणूनच थोडी जास्त मेहनत पडली तरी मला ती पटते.

काही अडथळे आधीच माहीत असलेले बरे. लॉगिनसाठी वापरलं जाणारं पीएनपीचं जुनं तयार ॲप सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकण्यात आलं. आता तुमच्या संस्थेच्या एंट्रा आयडीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेत) स्वतःचं ॲप नोंदवावं लागतं. जुनी स्क्रिप्ट लॉगिनलाच अडत असेल तर कारण बहुधा हेच. फार वेगाने मागण्या पाठवल्या तर शेअरपॉइंट ४२९ हा कोड देऊन थांबवतं. स्क्रिप्ट थोडी थांबून पुन्हा प्रयत्न करेल असं लिहा, आणि प्रत्येक फायलीचा निकाल वेगळ्या फायलीत नोंदवा, म्हणजे मध्ये तुटलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आणि लायब्ररीच डिलीट झाली असेल तर आधी ती परत आणा, नंतर आतल्या सुट्या फायली.

तिसरा अडथळा आपल्याच माणसांनी उभा केलेला असतो. त्याच जागी त्याच नावाची फाइल असेल तर बिनमधली फाइल परत येताना अडते. ज्यांनी मदत म्हणून जुन्या प्रती वर चढवल्या त्या इथे आड येतात. रिस्टोअर सुरू करण्याआधी अशा प्रती ‘तात्पुरत्या’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, डिलीट करू नका. त्यात कोणीतरी आज सकाळी केलेली दुरुस्ती असू शकते. आणि सुरुवातीलाच सगळ्यांना एक ओळ पाठवा: फायली परत येत आहेत, कळवेपर्यंत त्या फोल्डरमध्ये काहीही चढवू नका.

९३ दिवसही उलटून गेले असतील तर? रिटेन्शन पॉलिसी फायली जपणारी असेल तर प्रिझर्व्हेशन होल्ड लायब्ररीत (जपलेल्या प्रती ठेवणाऱ्या साइटच्या लपलेल्या साठ्यात) प्रती सापडू शकतात, तिथे बघा. नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाका. अंतिम डिलीटनंतर आणखी १४ दिवस त्यांच्याकडे बॅकअप असतो. पण त्यातून निवडक फायली मिळत नाहीत. अख्खी साइट जुन्या स्थितीत आणली जाते आणि आजची स्थिती तिच्याखाली जाते. तिकीट टाकण्याआधी साइटवर सध्या जे आहे ते दुसरीकडे उतरवून घ्या.

गूगल ड्राइव्ह

इथे मुदती लहान आहेत, त्यामुळे दिरंगाई महागात पडते. ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप जाते. त्यानंतर, किंवा कोणी ट्रॅश रिकामा केल्यानंतर, २५ दिवस ॲडमिनला ती परत आणता येते. ॲडमिन कन्सोलमध्ये त्या वापरकर्त्याच्या पानावर डेटा रिस्टोअर करण्याचा पर्याय आहे. तिथे तारखांची कक्षा द्यायची आणि ड्राइव्ह निवडायचं. एकेक फाइल निवडता येत नाही, त्या कक्षेत कायमचं डिलीट झालेलं सगळं येतं. म्हणून लॉगमधून काढलेली तारीख इथेही कामाला येते, कक्षा जितकी अरुंद तितका नंतरचा उपसा कमी. सामायिक ड्राइव्हसाठी हाच पर्याय सामायिक ड्राइव्हच्या यादीत मिळतो. कर्मचारी सोडून गेला आणि त्याचं खातंच डिलीट केलं असेल तर ते परत आणायला २० दिवस असतात. आधी खातं, मग फायली.

गूगलवर आणखी एक प्रकार होतो, आणि तो डिलीट नसतोच. ‘माय ड्राइव्ह’मधल्या सामायिक फोल्डरमध्ये फाइल कोणाचीही असू शकते, तिची मालकी ती बनवणाऱ्याकडे राहते. फोल्डर गेलं की इतरांच्या फायली शाबूत असतात, फक्त त्यांना जागा उरत नाही. त्या ट्रॅशमध्ये शोधून मिळत नाहीत. प्रत्येक मालकाने आपल्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत ‘इज:अनऑर्गनाइज्ड’ आणि ‘ओनर:मी’ ही दोन पदं इंग्रजी अक्षरांत टाकून शोध घेतला की त्या दिसतात. विभागाच्या कामाच्या फायली कोणा एकाच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये न ठेवता सामायिक ड्राइव्हवर ठेवाव्यात, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो ते याचसाठी. तिथे मालकी संस्थेकडे असते.

ड्रॉपबॉक्सबद्दल थोडक्यात: व्यावसायिक योजनांमध्ये डिलीट झालेल्या फायली १८० दिवस किंवा वर्षभर मिळू शकतात, योजनेनुसार. रिवाइंडने एखादं फोल्डर मागच्या वेळेला नेता येतं. वर लायब्ररी रिस्टोअरबद्दल जे लिहिलं ते त्यालाही लागू आहे.

परत आल्यावर तपासणी

‘आल्या वाटतं सगळ्या’ यावर तिकीट बंद करू नका. लॉगमधली यादी आणि आता लायब्ररीत असलेली यादी, दोन्ही पूर्ण मार्गासकट एक्सेलमध्ये शेजारी ठेवून जुळवा. जे जुळत नाही तेवढंच हाताने शोधायचं. त्यात काही फायलींची नावं आधीच बदललेली असतात, काही दुसरीकडे हलवलेल्या असतात, थोड्या खरंच राहिलेल्या असतात. नंतर मर्यादित लोकांनाच दिसायला हव्यात अशा फोल्डरांच्या परवानग्या तपासा. पगारपत्रकं परत आली आणि सगळ्यांना दिसू लागली, असं व्हायला नको. शून्य आकाराच्या फायली वेगळ्या काढून त्यांची व्हर्जन हिस्टरी बघा.

एकदम हजारो फायली परत आल्या की सगळ्यांच्या मशिनवरचं सिंक तासन्‌तास चालतं, आणि त्या काळात कोणाला फोल्डर अर्धवट दिसतं. हे आधीच कळवून ठेवा, नाहीतर पुन्हा गायब झाल्याच्या खोट्या तक्रारी येतात आणि कोणीतरी परत जुन्या प्रती चढवायला लागतं. मायक्रोसॉफ्टच्याच सल्ल्यानुसार एका मशिनवर सिंक होणाऱ्या फायली ३,००,००० च्या आत असाव्यात. त्याहून मोठ्या लायब्ररी सिंक केलेल्या असतील तर काम आणखी रेंगाळतं.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी लगेच करता येतात. वनड्राइव्हच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे ॲडमिनने सगळ्या मशिनवर एकदम लावायच्या सेटिंगमध्ये, एक नियम आहे: वापरकर्त्याने आपल्या मशिनवरून एकदम खूप फायली डिलीट केल्या, तर क्लाउडवरून काढण्याआधी त्याला विचारायचं. तो चालू करा आणि मर्यादा आपल्या कामाच्या मानाने ठेवा. आणि जागा कमी पडली की काय करायचं हे लोकांना प्रत्यक्ष करून दाखवा. फायलीवर उजवं क्लिक करून ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय निवडायचा, फाइल क्लाउडवर राहते आणि मशिनवरची जागा सुटते. डिलीटची कळ त्यासाठी नाही. नव्या माणसाला लॅपटॉप देतानाच हे दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

शेवटी, ज्या मशिनचं खातं अनलिंक केलं होतं ते यादी जुळल्यानंतरच पुन्हा जोडा, आणि जोडल्यावर दोन-तीन दिवस रोज एकदा त्याच खात्याचा ऑडिट लॉग बघा. डिलीटच्या ओळी नेहमीइतक्याच दिसल्या की तिकीट बंद करायला हरकत नाही.